परदेशी लेकरू आपल्या घरी, आपलं लेकरू परदेशी

एक्स्चेंजवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत, आलेल्या आणि निघालेल्या मुलांबद्दल आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. बहुतेकांच्या विचारण्याचा रोख एकच: देशाची किंवा गावाची ओळख लोकांना कशी करून द्यायची? आमचं मत आधीच सांगून टाकतो. एका संध्याकाळी अख्ख्या देशाची ओळख होत नसते. घरातली एखादी वस्तू किंवा एखादा पदार्थ निवडावा आणि तो समोरच्यांच्या हातात द्यावा. पुढची उत्तरं त्याच बेतानं दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडं ब्राझीलची सोळा वर्षांची मुलगी राहायला आहे. गल्लीतल्या चाळीसेक जणांना तिला तिच्याकडचं काहीतरी करून खाऊ घालायचंय. आमचं घर शाकाहारी, अंडंही चालत नाही आणि ओव्हन नाही. काय करता येईल? – एक गृहिणी, लातूर

ती बहुधा आधी फेजोआदाचं नाव घेईल. काळ्या घेवड्याची ही उसळ डुकराचं मांस घालून शिजवतात. ते वगळलं तर तिची तिलाच ती ओळखू येणार नाही. तिकडच्या चीजच्या छोट्या पावांना अंडं आणि ओव्हन दोन्ही लागतं. हे दोन्ही सोडा आणि ब्रिगादेइरो करा. ब्राझीलमध्ये ही गोळी नसेल तर लेकराचा वाढदिवस अर्धाच झाला म्हणायचा. करायची रीत तुमच्या हाताला ठाऊकच आहे, कारण हा कोकोचा पेढा आहे.

एका घाण्याला सुमारे ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, बिनसाखरेची कोको पावडर चार सपाट टेबलचमचे आणि लोणी एक टेबलचमचा. कोको चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. तिन्ही जिन्नस गॅस पेटवायच्या आधीच जाड बुडाच्या पातेल्यात एकजीव करा. मग मंद आच, आणि हात थांबवायचा नाही. दहा-बारा मिनिटांनी उलथन्यानं मधोमध रेघ ओढून बघा. बुड दिसलं, रेघ लगेच मिटली नाही आणि पातेलं कलतं केल्यावर सगळा गोळा एकत्र घसरला, की उतरवा. दोन मिनिटं आधी उतरवलं तर गोळी वळत नाही, ताटात बसकण मारते. पाच मिनिटं जास्त राहिलं तर गार झाल्यावर दाताला चिकटतं. कमी शिजलेलं परत आचेवर ठेवता येतं. जास्त शिजलेलं दूध घालून सैल होतं, पण तो मऊपणा परत येत नाही. म्हणून शंका आली की लवकर उतरवलेलं बरं.

लोणी लावलेल्या ताटात ओतून पूर्ण गार होऊ द्या. सुपारीहून जराशी मोठी, पंधरा ग्रॅमच्या आसपासची गोळी वळून चॉकलेटच्या शेवयांत घोळवायची. केकवर भुरभुरतात त्याच या शेवया; एका घाण्याला शंभर ग्रॅम पुरतात. बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे त्या मिळतात आणि छोट्या कागदी वाट्याही मिळतात. एका डब्यात पंचवीस ते तीस गोळ्या होतात. माणशी दोन धरल्या तर तीन डबे लागतील, पण तिन्ही एकाच पातेल्यात ओतू नका. खालून लागतं, वरून पातळ राहतं आणि हात भरून येतो तो वेगळाच. तीन घाणे वेगळे काढा. मार्चनंतरच्या लातूरच्या उन्हात गोळ्या बसतात. दिवाळी ते संक्रांत हा काळ चांगला.

आता महत्त्वाचं. सगळ्या गोळ्या आदल्या रात्री वळून ठेवू नका. दोन घाणे तयार ठेवा आणि तिसरा घाणा ताटांत तसाच पसरून गल्लीतल्या पोरांपुढे ठेवा, शेजारी लोण्याची वाटी. पोरं वळत असताना मुलीनं नावाची गोष्ट सांगावी. १९४५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ब्रिगेडियर एदुआर्दो गोम्स उभे होते. त्यांच्या समर्थक बायकांनी प्रचारात या गोळ्या विकल्या आणि ब्रिगेडियरवरून ब्रिगादेइरो हे नाव पडलं, असं तिकडे सांगतात. गोम्स निवडणूक हरले. गोळी टिकली.

तिला आणखी काही दाखवायचं असेल तर साबुदाण्यावरून जा. आपला साबुदाणा ज्या कंदाच्या पिठुळापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ब्राझीलचे लोक त्याच्याच कच्च्या स्टार्चची धिरड्यासारखी 'टापिओका' करतात. २०० ग्रॅम स्टार्चवर ९० ते १०० मिली पाणी थोडंथोडं शिंपडत बोटांनी चोळायचं. ओल्या वाळूसारखं झालं की चिमूटभर मीठ घालून चाळायचं आणि कोरड्या तापल्या तव्यावर मूठभर पसरायचं. तेल नाही, थापणं नाही. मिनिटभरात दाणे आपोआप एकमेकांना धरतात. हे बघताना गल्लीतल्या आज्याही पुढं सरकतील. आत ओलं खोबरं आणि थोडं कंडेन्स्ड मिल्क भरायचं. साबुदाणा दळून आणलेलं पीठ मात्र इथं चालत नाही. साबुदाणा करतानाच तो भाजला-वाफवला गेलेला असतो, त्यामुळे त्याचा चिकट गोळा होतो. ऑनलाइन मिळणारा कच्चा टॅपिओका स्टार्चच मागवा. एका तव्यावर चाळीस जणांचं करायला दोन तास जातील, म्हणून हे दहा जणांपुरतंच दाखवा.

प्रश्न : एक जर्मन मुलगा तीन महिने आमच्याकडे आणि मग दुसऱ्या घरी राहणार आहे. पोलिसांत कळवावं लागतं का? – एक वाचक, धाराशिव

हो. परदेशी नागरिक घरी उतरला की यजमानानं २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरायची असते. पूर्वी 'सी फॉर्म' म्हणायचे तो हाच. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसाचं पान, आल्याचा शिक्का आणि मुलाचा एक फोटो हाताशी ठेवा. घर बदललं की नव्या यजमानानं स्वतःची माहिती पुन्हा भरायची. 'आधीच्यांनी भरलंय' हे चालत नाही. विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत मुलाची नोंदणीही करावी लागते. ती संस्थेच्या समन्वयकाकडून करून घ्या.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत एक जपानी विद्यार्थिनी तासभर येणार आहे. पाचवी ते सातवीची साठ मुलं आहेत. प्रोजेक्टर आहे, पण लाइटचा भरवसा नाही. काय घ्यावं? – एक शिक्षक, परभणी जिल्हा

प्रोजेक्टर कपाटातच राहू द्या. रद्दीतून वर्तमानपत्रं काढा आणि काबुतो करा, म्हणजे कागदी शिरस्त्राण. जपानमध्ये ५ मे हा बालदिन असतो आणि त्या सुमाराला मुलं हे डोक्यावर घालून मिरवतात. आपल्याकडे ५ मेला शाळांना सुट्टी असते, त्यामुळे तारखेच्या मागं लागू नका. करकोचा करू या असं ती कदाचित म्हणेल. तिला नको म्हणा. त्याला वीसहून जास्त घड्या लागतात आणि साठातली पन्नास मुलं सातव्या घडीला अडकतात.

कागद ४० ते ४५ सेंटिमीटरचा चौरस हवा. आदल्या दिवशी सातवीच्या मुलांकडून सत्तर कापून घ्या, दहा फाटतातच. चौरसाची तिरकी घडी घालून त्रिकोण करायचा. घडीची बाजू वर, टोक स्वतःकडे. डावं-उजवं कोपरं खालच्या टोकाला आणायचं, पतंगाचा आकार येतो. ती दोन्ही पानं उलटी वर, माथ्याच्या टोकापर्यंत दुमडायची. मग त्यांची टोकं तिरकी बाहेर काढली की शिंगं झाली. खाली दोन पदर उरतात. वरचा पदर माथ्याच्या थोडा अलीकडेपर्यंत वर घ्यायचा आणि उरलेली पट्टी पुन्हा एकदा दुमडायची, ही कपाळपट्टी. मागचा पदर आत खोचला की काम झालं.

घोटाळा होतो तो पहिल्याच घडीत. कोपऱ्याला कोपरा जुळला नाही तर शेवटी शिंगं लहान-मोठी येतात. म्हणून पहिल्या घडीनंतर थांबा, साठही कागद वर धरायला लावा आणि मगच पुढं जा. कागद हातात धरून नाही, फरशीवर ठेवून दुमडायचे; घडीवरून नख फिरवायचं. दाखवणारीनं अख्ख्या दुहेरी पानाचा मोठा चौरस घ्यावा आणि मुलांकडे पाठ करून उभं राहावं, म्हणजे तिचं डावं ते मुलांचंही डावं. तोंड करून उभी राहिली की अर्धा वर्ग उलटा दुमडतो. अर्ध्या तासात हे आटोपतं. उरलेल्या वेळात मुलांनी तिला कागदी होडी शिकवावी. पाहुणीनं शिकवायचं आणि पोरांनी नुसतं बघायचं, असं एकतर्फी नको.

प्रश्न : आमच्याकडची मेक्सिकोची मुलगी १-२ नोव्हेंबरला मेलेल्या माणसांच्या फोटोंची आरास मांडायची म्हणते. सासूबाईंना ते अशुभ वाटतं. मन कुणाचं मोडावं? – एक सूनबाई, अंबाजोगाई

कुणाचंच मोडावं लागणार नाही, फक्त शब्द बदला. सासूबाईंना 'मेलेल्यांची आरास' म्हणू नका, 'तिच्याकडचं पितरांचं पान' म्हणा. अर्थानं ते तेच आहे. 'दिया दे मुएर्तोस'ला गेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात अशी तिकडची श्रद्धा आहे. परंपरेनं १ नोव्हेंबर गेलेल्या लेकरांचा आणि २ नोव्हेंबर मोठ्यांचा. त्यांच्या आवडीचं खाणं, पाणी आणि मीठ मांडून ठेवतात. कावळ्याला घास ठेवणाऱ्या घराला यात परकं काय आहे? २००८ पासून हा उत्सव युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे, पण सासूबाईंपुढे युनेस्कोपेक्षा पितर जास्त चालतील.

मांडणी दोन-तीन पायऱ्यांची असते. गौरीच्या आराशीचे पत्र्याचे डबे आणि पाट चालतात, वर पांढरी चादर. फूल आपलंच, झेंडू. हा मूळचा मेक्सिकोचाच आहे आणि तिकडे त्याला सेंपासुचिल म्हणतात. दिवाळी सरली की बाजारात तो स्वस्त होतो. दोन किलो घ्या: किलोभराच्या पाकळ्या काढून दारापासून आराशीपर्यंत वाट घालायची, उरलेल्याचे हार. त्यांच्याकडे कोपाल नावाची राळ जाळतात. तुमच्याकडचा ऊद ते काम करतो. तिकडच्या खास पावाऐवजी बेकरीतला गोल गोड बन ठेवा. कोरीव पताकांना पतंगाचा ताव घ्या, चार पदरी घडी घालून कात्रीनं नक्षी कापा. मेणबत्त्या आणि पताका यांच्यात हातभर अंतर असू द्या; हा कागद क्षणात पेट घेतो.

फोटो फक्त तिच्या घरच्यांचे, आणि तेही गेलेल्यांचेच. जिवंत माणसाचा फोटो तिथं लावत नाहीत. तुमच्या सासऱ्यांचा फोटो शेजारी ठेवायचा का, हे सासूबाईंनाच विचारा, तिला परस्पर ठेवू देऊ नका. चेहऱ्यावर कवटी रंगवणं कॉलेजच्या कार्यक्रमात शोभेल, घरात पहिल्याच वर्षी नको.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. वर्षभरासाठी जर्मनीला चालले आहे. तिथल्या शाळेत मराठवाडा दाखवायचा तर लावणी बसवू की पैठणी नेसून भाषण करू? सोबत काय नेऊ? – एक विद्यार्थिनी, नांदेड

लावणी तुला येत असेल तर कर. यूट्यूबवर बघून आठ दिवसांत बसवणार असशील तर नको. त्यापेक्षा भाकरी थाप. ती बघायलाही तमाशाइतकी गर्दी जमते.

अडचणी मात्र आधीच समजून घे. पहिली पिठाची. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. निघायच्या आदल्या दिवशी दळून दोन किलो ने, पोचल्यावर फ्रीजरमध्ये टाक आणि पहिला कार्यक्रम पंधरा-वीस दिवसांत उरक. एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ लागतं. वीस जणांना अर्धी-अर्धी म्हणजे किलोभर. पुढं तिथलं सोर्गमचं, म्हणजे ज्वारीचंच, पीठ विकत घे. ते थापलं जात नसेल तर उकड काढ. वाटीभर पाणी मीठ घालून उकळायचं, त्यात वाटीभर पीठ टाकून हलवायचं, झाकून पाच मिनिटं ठेवायचं आणि सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं. विरी गेलेलं पीठही असं वळतं.

दुसरी तव्याची. आपला लोखंडी तवा मध्ये जरा खोलगट असतो. तिकडच्या सपाट काचेच्या शेगडीला तो नीट टेकत नाही. मध्ये करपतं आणि कडा कच्च्या राहतात. इंडक्शन तर त्याला नीट ओळखतच नाही. सपाट बुडाचा लोखंडी तवा तिथंच घे, वजनही वाचेल. काचेवर तो ओढू नकोस, उचलून ठेव, ओरखडे पडतात. जाळ नसल्यानं भाकरी शेगडीवर फुगवता येत नाही. पहिली बाजू पाणी फिरवून, पाणी सुकता सुकता उलटायची. दुसरी बाजू पूर्ण भाजायची. परत उलटून घडी केलेल्या फडक्यानं कडेकडेनं दाबत जायचं. तव्यावरच पापुद्रा सुटतो.

तिसरी अडचण धुराची. जर्मनीत घराघरात धुराचा अलार्म बसवणं सक्तीचं आहे आणि शाळेतला बऱ्याचदा थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. तव्यावर मिरच्या परतून ठेचा करायचा मोह आवर. घरी खिडक्या उघडून आधीच करून ने.

सामानाचा नियम लक्षात ठेव: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही आणि कुंथलगिरीचे पेढेही नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. ताजा कढीपत्ता नाही. पीठ, येसर (आमटीचा मसाला), शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी हे नीट पॅक करून मोठ्या बॅगेत. केबिनमध्ये भुकटी तपासत बसतात. विमान दुबईवरून असेल तर मसाल्यात खसखस नको, तिथं तिच्यावर बंदी आहे.

आणि एक बारीक गोष्ट, जी हमखास चुकते. 'ज्वारी ग्लुटेनमुक्त' असं तू उत्साहानं सांगशील, ते खरंही आहे. पण येसरात बहुतेक घरी भाजलेले गहू असतात आणि बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. भाकरीबरोबर येसर आमटी वाढलीस तर ग्लुटेनचा त्रास असणाऱ्याला ती बाधेल. तिथं शेंगदाणा, तीळ, मोहरी यांचीही अ‍ॅलर्जीच्या यादीत नोंद करावी लागते. प्रत्येक वाटीसमोर जर्मनमध्ये घटक लिहिलेली चिठ्ठी ठेव. थापायला प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा दे. वीसपैकी अठरा भाकऱ्या नकाशासारख्या होतील. त्याच भाजून त्यांना खायला घाल.

पैठणीवरचं भाषण? पाच मिनिटं, भाकऱ्या पोटात गेल्यावर.

प्रश्न : आमच्या क्लबकडे आलेल्या कोरियन मुलीचा कार्यक्रम ठेवला, पण सत्कार आणि भाषणांत दीड तास गेला, तिला दहाच मिनिटं मिळाली. पुढच्या वेळी काय करावं? – एक पदाधिकारी, जालना

क्रम उलटा करा. दीपप्रज्वलन झालं की लगेच तिची चाळीस मिनिटं, मग चहा, आणि चहानंतर सत्कार. ज्यांना सत्कार हवा ते थांबतील. निमंत्रणपत्रिकेवर तिच्या नावासमोर वेळ छापा, म्हणजे सूत्रसंचालकाला ती ढकलता येत नाही. शाल आणि नारळाऐवजी तिच्या ब्लेझरला लावायला क्लबची पिन द्या. ही मुलं देशोदेशीच्या पिना जमवत असतात, आणि परतीच्या बॅगेत नारळाला जागा नसते.